तुरुक थडीवर उभा होता

दिपमालाला लहानपणापासून एक खोड. कुणी काही सांगितलं की ती सगळं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "आणि तसं झालं नसतं तर?" सावद्याला वडिलांच्या केळीबागेत वादळानं सगळी झाडं आडवी केली, तेव्हा आई कपाळाला हात लावून बांधावर बसली होती आणि ही सात वर्षांची पोर तिच्या पदराला धरून विचारत होती, "आई, वारं नुसतं वरच्यावर निघून गेलं असतं तर?"

"तर तुझ्या तोंडात साखर पडली असती," आई म्हणाली. "जर-तरच्या बागेला घड लागत नाही, बाई. जा, पाणी आण."

दिपमालानं पाणी आणलं, पण खोड गेली नाही. ती तिच्याबरोबर सासरी आली. सासर धुळे जिल्ह्यात, नरडाण्यापासून रिक्षानं जायचं, वारुळदे. सावद्याची हिरवीगार बाग सोडून ती काळ्या कोरडवाहू रानात आली. बोलीही वेगळी. इथं 'आहे'ला 'शे' म्हणायचे आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. पहिलं वर्षभर तिला अर्धं कळायचं आणि अर्धं ती हसण्यावारी न्यायची. पुढे मुलगी झाली, मृणाली. नवरा रविंद्र जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला आणि शनिवारी रात्री घरी येऊ लागला. सासू गेली. मृणाली नर्सिंग शिकायला बापाजवळ जळगावला राहिली. घरात उरली दिपमाला आणि सासरे नवलनाना, वय शहाऐंशी, कान शाबूत, दात नाहीत.

रिकाम्या घरात तिनं शिवणयंत्र चालवलं, देवापुढे सकाळ-संध्याकाळ दिवा लावला, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. विषय इतिहास. शेजारची रूपा म्हणाली, "अवं, इतिहास शिकून तुले काय राजा व्हनं शे?"

"राजा नाही गं. राजाला विचारायचंय, तू तसं केलं नसतंस तर?"

आता तिच्या सासरच्या घराची एक गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

वारुळद्याच्या समोर, बुराई नदीच्या पलीकडच्या थडीला निमथडी नावाचं गाव. थडी म्हणजे काठ. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, ऊन कललं की दोन्ही गावांच्या बाया नदीवर जमतात. दुसऱ्या दिवशी पितरांसाठी घागर भरायची असते, तिचं पाणी न्यायला. घोटाभर पाणी मध्ये, दोन्ही थड्यांवर बाया, आणि मग सुरू होतं भांडण. खरं नव्हे, सणाचं. गाण्यातून एकमेकींच्या गावाला, सासूला, जावयाला, बैलालासुद्धा नावं ठेवायची. जी जास्त हसवील तिचं गाव जिंकलं. पुरुषांनी त्या बाजूला फिरकायचं नाही, हा नियम.

सगळ्या घरांचे वाभाडे निघत, पण नवलनानांच्या घरासाठी एकच ठरलेली ओळ होती. शंभर वर्षांची.

हिलाल थडीवर, भिका पानीमा,
नवरी कोनी वं माय, नवरी कोनी?

नवरी कुणाची गं बाई, कुणाची! हिलाल म्हणजे नवलनानांचे आजोबा, वारुळद्याचे. भिका त्यांचा जिवाभावाचा मित्र, निमथडीचा. पहिल्या महायुद्धात दोघं मिळून पलटणीत भरती झाले आणि बोटीत बसून इराकातल्या बसऱ्याला गेले. परत आला एकटा हिलाल. आल्यावर दोन वर्षांनी भिकाच्या विधवेशी, केसरबाईशी त्यानं पाट लावला, म्हणजे तिच्याशी दुसरं लग्न केलं. त्यांचा मुलगा म्हणजे नवलनानांचे वडील. पाट लावण्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. वावगं होतं ते दुसरंच. भिका कसा गेला असं कुणी विचारलं की हिलाल म्हणे एवढंच सांगायचा, "तुरुक थडीवर उभा व्हता. जर्मननी त्याले दोन नावा दिन्यात. मंग तुरुक पानीमा उतरना, आनि भिका गया."

लोकांनी त्यातून चित्र काढलं. नदी आहे. पलीकडे काठावर तुर्की शिपाई उभा आहे. तो नावेतून येतो, पाण्यात उडी घेतो, भिकाला मारतो. आणि हिलाल? तो कुठं होता? तो जिवंत आला, म्हणजे तो अलीकडच्या थडीवर उभा राहून बघत असणार. मित्र बुडत असताना पाण्यात उतरला नाही, आणि घरी येऊन त्याची बायको केली. ओळ तयार झाली ती अशी.

नाना सांगत, त्यांची आई आखाजीला कधी नदीची पायरी उतरली नाही. घागरीचं पाणी शेजारीण आणून द्यायची. दिपमाला मात्र पहिल्या वर्षापासून जायची. ओळ आली की ती वर हसून निमथडीच्या बैलांना नावं ठेवायची.

यंदा मार्चमध्ये, एका रविवारी, ती धुळ्याला अभ्यासकेंद्रावर गेली. बस लवकर पोचली म्हणून आधी एकवीरादेवीला जाऊन आली, ओटीभर फुलं वाहिली आणि वर्गात मागच्या बाकावर बसली. वर्गात सगळे तिच्यासारखेच. कुणी पोस्टात, कुणी दुकानात, एक जण रिक्षा चालवणारा. शिकवायला समीक्षा मॅडम, वयानं दिपमालाच्या निम्म्यापेक्षा थोड्याच मोठ्या.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'तुर्कस्तान तटस्थ राहिलं असतं तर?'

दिपमालाचे डोळेच चमकले. जर-तर! आणि तेही फळ्यावर!

"इतिहासात जर-तरला अर्थ नाही असं म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "पण एक गोष्ट उचलून बाजूला ठेवली, की तिच्यावर काय काय टेकलेलं होतं ते दिसतं. म्हणून आज करून बघू."

रिक्षावाल्यानं हात वर केला. "मॅडम, तटस्थचा नेमका अर्थ काय?"

"तट म्हणजे काठ. स्थ म्हणजे उभा राहिलेला. दोघं पाण्यात झोंबताहेत आणि तिसरा काठावर उभा आहे, कुणाच्याच बाजूनं नाही. तो तटस्थ. युद्ध सुरू झालं चौदा सालच्या ऑगस्टमध्ये. तुर्कस्तान लगेच त्यात पडलं नाही. आतून जर्मनीशी त्यांचा गुपचूप करार झालेला होता, पण वरून ते काठावरच उभं होतं. मग जर्मनीच्या दोन युद्धनौका इंग्रजांना चुकवून तुर्कांच्या आश्रयाला आल्या. जर्मनीनं त्या तुर्कांना देऊन टाकल्या. त्याच नौका पुढे काळ्या समुद्रात गेल्या, रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या, आणि तुर्कस्तान युद्धात उत–"

"थडीवर!"

सगळा वर्ग मागे वळला. दिपमाला उभी होती. आपण कधी उभ्या राहिलो हे तिलाच कळलं नव्हतं.

"काय झालं, ताई?"

"मॅडम, तुरुक थडीवर उभा होता! जर्मननं त्याला दोन नावा दिल्या! मॅडम, तो माणूस नव्हता! देश होता! आमच्या घरात शंभर वर्षं त्याला माणूस समजलेत!"

वर्ग खो खो हसला. तिला त्याचं काही नव्हतं. मॅडमनी तिला पुढे बोलावलं, पाणी दिलं आणि सगळं नीट सांगायला लावलं. दिपमालानं सांगितलं, ओळीसकट. मग समीक्षा मॅडम सावकाश म्हणाल्या, "आपण अजूनही म्हणतोच की, जपान हरला, रूस आला, इंग्रज गेला. देशाला माणूस करूनच बोलतो. तिकडे गेलेल्या शिपायांनी विचारलंच असेल, आपलं भांडण जर्मनशी, मग इकडे वाळवंटात कशाला? तेव्हा कुणीतरी जाणत्यानं त्यांना त्यांच्या भाषेत समजावलं असेल."

"म्हणजे आजोबा आमचे, भिका कसा मेला ते सांगतच नव्हते," दिपमाला म्हणाली. "का मेला ते सांगत होते!"

"असू शकतं," मॅडम म्हणाल्या. "पुरावा नाही म्हणता येणार, ताई. पण बसतं खरं."

मग वर्गाला असा काही जोर चढला की विचारू नका. तुर्कस्तान काठावरच राहिलं असतं तर? बसऱ्याला आपली फौज उतरली नसती, एक जण म्हणाला. बसऱ्याच्या वर कूतला तुर्कांनी वेढा घातला, त्यात आपली माणसं उपाशी मेली नसती, दुसरी म्हणाली. मॅडम म्हणाल्या, रशियाचं समुद्राचं दार उघडं राहिलं असतं, धान्य बाहेर आणि दारूगोळा आत गेला असता, तिथली क्रांती कदाचित वेगळ्या वाटेनं गेली असती. अरबस्तानाच्या नकाशावर पट्टीनं ओढलेल्या रेघा दिसल्या नसत्या. पोस्टातला म्हणाला, "पण मॅडम, तिथं तेल होतं. इंग्रज काही ना काही काढून उतरलेच असते." मॅडम म्हणाल्या, "हो, तेही खरं. जर-तरमध्ये सगळं आपल्या मनासारखं होत नाही."

"आणि आमच्या नदीवर आम्हाला कुणी हिणवलं नसतं," दिपमालानं हळूच भर घातली. ते मॅडमनी फळ्यावर लिहिलं. खरंच लिहिलं, रशियाच्या क्रांतीखाली.

बसमध्ये बसेस्तोवर तिला दम निघेना. स्टँडवरूनच तिनं रविंद्रला फोन लावला.

"अहो, तुरुक माणूस नव्हता!"

"कोण नव्हता?" या रविवारी त्याची जादा पाळी होती, मागे कारखान्याचा आवाज. "काय झालं? नाना बरे आहेत ना?"

"नाना बरे आहेत. तुमचे पणजोबासुद्धा बरे आहेत! त्यांनी काही केलेलं नाही! ते थडीवर नव्हतेच, तुर्कस्तान थडीवर होतं!"

दोन मिनिटं तिनं सांगितलं. रविंद्र ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ते तुर्कस्तान तसंच काठावर थांबलं असतं तर भिका परत आला असता."

"हो!"

"मग केसरबाई त्याचीच राहिली असती. मग माझे आजोबा नाहीत, नाना नाहीत, मी नाही."

"हो... अगं बाई, हो."

"मग आत्ता तू फोन कुणाला केला असता?"

"सावद्याच्या एखाद्या केळीवाल्याला," ती म्हणाली, आणि स्टँडवर एकटीच इतकी हसली की एक कंडक्टर वळून बघू लागला.

पण बस नरडाण्याकडे निघाली आणि हसू विरलं. रविंद्र नाही म्हणजे मृणालीही नाही. भिका वाचावा असं म्हणावं, तर लेक पुसली जाते. लेक असावी म्हणावं, तर बसऱ्याला ते युद्ध व्हायलाच हवं होतं असं होतं. तसं म्हणायला तिची जीभ रेटेना. तिनं खिडकीला डोकं टेकलं आणि मनातल्या मनात देवीला म्हटलं, आई, हा गुंता माझ्यानं सुटायचा नाही, तू बघ. आणि मग तिला आठवलं की घरी एक माणूस असा आहे ज्यानं हिलालच्या तोंडून ती गोष्ट स्वतः ऐकली आहे. तेव्हा पाय जमिनीवर ठरेनात.

नाना ओट्यावर बसले होते. चप्पल काढायच्या आधीच तिनं विचारलं, "नाना, तुमचे आजोबा तुरुकाचं सांगायचे, ते त्यांच्याच शब्दांत सांगा बरं. एकही शब्द इकडं-तिकडं नको."

"आते लगेच? चहा तरी कर पोरी."

"आधी सांगा."

नानांनी डोळे मिटले. आजोबा गेले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. त्यांनी आवाजसुद्धा म्हाताऱ्याचा काढला. "तुरुक तीन महिना थडीवर उभा व्हता..."

"किती?"

"तीन महिना."

"हे तर कुणी सांगत नाही! सगळे नुसतं 'थडीवर उभा होता' म्हणतात."

"म्हातारं मानूस शे, वाढवी-चढवी सांगस, म्हनून बठ्ठासनी सोडी दिनं. तीन महिना कोनी थडीवर उभा ऱ्हास का?"

दिपमालानं बोटं मोजली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. नोव्हेंबर उजाडताच इंग्रजांचं आणि तुर्कांचं जाहीर जुंपलं होतं, आजच फळ्यावर होतं. तिनं तिन्ही बोटं नानांच्या तोंडापुढे धरली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"नाना, माणूस नाही राहत उभा. देश राहतो."

मग तिनं सगळं समजावलं. नाना नदीच्या दिशेनं वळले. म्हणाले, "मनी माय नदीवर गयी नई कधी. आनि ते बठ्ठं एक शब्दाना पायी?"

"हो, नाना."

"सांगनारा बी आमना, आयकनारा बी आम्हीच. कोना नावनं रडानं?"

एवढं झाल्यावर दिपमालाच्या मनातलं बाहेर आलं. तिनं विचारलं, "नाना, भिकाची घागर भरायची का यंदा?"

आखाजीला घरोघर मातीची घागर भरतात, तिच्यावर छोटं मडकं ठेवतात, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळीचा घास टाकून गेलेल्यांची नावं घेतात. त्या निखाऱ्यावरच्या घासाला आगारी म्हणतात. ज्याचं नाव घेतलं त्याला वर्षाचं पाणी पोचतं अशी श्रद्धा. नानांच्या घरात हिलालचं नाव घेत, केसरबाईचं घेत. भिकाचं कधीच नाही.

नानांचा चेहरा बदलला. "नई."

"का?"

"का म्हंजे? आज भिकाले पानी पाजं, का सकायले निमथडीवाल्या म्हनतीन, कबूल करं! पाप व्हतं म्हनून पानी पाजतस. हिलाल आजाले शंभर वरीस बोल लाया, आते मी मना हातनं शिक्का मारू?" त्यांनी काठी आपटली. "पहिले त्यास्नं तोंड बंद कर. नदीवर ती ओळ बंद पडनी, तं घागर मी मना हातनं भरसू. नई तं ते नाव या घरमा नको."

दिपमाला म्हणाली, "ठरलं."

रूपाला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अवं, शंभर वरीसनी ओळ तू एक दिनमा बंद करशी? कमलबाई तुले उभी चिरी टाकी!"

कमलबाई म्हणजे निमथडीची भिकाच्याच भाऊबंदकीतली सून. साठीची, आवाज शिंगासारखा. ओळ दरवर्षी तीच उचलायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी ऊन कललं आणि दोन्ही थड्या लुगड्या-साड्यांनी भरल्या. दिपमालानं देवापुढे दिवा लावला, नानांच्या पाया पडली, रिकामी घागर काखेत घेतली आणि उतरली. पहिला अर्धा तास नेहमीसारखा गेला. निमथडीच्या बैलांचं झालं, वारुळद्याच्या आमरसात पाणी जास्त असल्याचं झालं. पोरी हसून हसून वाळूत बसल्या. मग पलीकडून कमलबाईनं पदर खोचला.

"हिलाल थडीवर, भिका पानीमा..."

"थांबा, कमलबाई!" दिपमाला घोट्यापर्यंत पाण्यात उतरली. "थडीवर कोण होतं ते मला कळलंय!"

"कोन?"

"तुर्कस्तान!"

पलीकडे एकच हशा उठला. "कोना जावई शे तो?" कुणीतरी ओरडलं. "तुरकीन उनी रे, तुरकीन उनी!" तुर्कीण आली म्हणत पोरी टाळ्या वाजवू लागल्या. दिपमालाही हसली, पण हटली नाही. तिथंच, पाण्यात उभं राहून, ओरडून ओरडून तिनं सांगितलं. घर म्हणून सांगितलं. जर्मन नावाचं एक घर, इंग्रज नावाचं एक घर, दोघांची जुंपली. मध्ये तुरुक नावाचं घर, ते तीन महिने काठावर उभं. जर्मननं दोन नावा दिल्या, जहाजं, तोफांची. आणि तुरुक पाण्यात उतरला. तो उतरला म्हणून इंग्रजांनी आपली पोरं बोटीत घालून बसऱ्याला नेली. वारुळद्याचं एक, निमथडीचं एक.

"मला सांगा," ती म्हणाली, "एक माणूस आणि नावा दोन? एकाच शिपायाला दोन नावा कशाला लागतात? आणि तीन महिने कोण उभा राहतो काठावर? खायचा काय? तुमच्या गावचे जावई पण तीन दिवसांत परत जातात!"

त्यावर दोन्ही थड्या हसल्या. कमलबाई हसली नाही. ती विचार करत होती. तिनं हात वर केला आणि सगळ्या गप्प झाल्या.

"बरं. थडीवर तुरुक व्हता. मंग आमना भिका कसा मरना?"

तापानं म्हणता आलं असतं. कूतच्या वेढ्यात उपासानं म्हणता आलं असतं. गोळी लागली म्हणता आलं असतं, हिलालच्या मांडीवर डोकं ठेवून गेला म्हणता आलं असतं. रूपा मागून कुजबुजली, "सांगी दे ना काही तरी!" ओळ तिथंच बंद पडली असती. पण ज्या माणसाचं नाव उद्या निखाऱ्यावर घ्यायचं, त्याच्याबद्दल आज पाण्यात उभं राहून खोटं कसं बोलायचं?

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"काय?"

"नाही माहीत, कमलबाई! हिलाल आजोबांनी ते कधीच सांगितलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की तुरुक पाण्यात उतरला नसता तर तो गेला नसता. ते तिथं होते की नव्हते, मदत केली की नाही केली, मला नाही माहीत. तुम्हालाही नाही माहीत. आपण दोघी नव्हतो तिथं."

कमलबाई पाण्याकडे बघत होती.

"तुमना घरमा त्यानी घागर भरतस का?" तिनं एकदम साध्या आवाजात विचारलं.

"नाही. तुमच्याकडे?"

"नई वं. आमनाकडे सासू म्हने, ज्या घरले बायको गयी त्या घरनी भरवी."

"आमच्याकडे म्हणतात, परक्याची घागर आपण का भरायची."

कमलबाईनं दोन्ही गावांकडे, या थडीवरून त्या थडीवर मान फिरवून बघितलं. मग तिच्या तोंडून निघालं, "म्हंजे शंभर वरीस आपन बी तुरुकच! दोन्ही थडीवर उभ्या, आनि तो मझार तिशीखाल मरी ऱ्हायना!"

तहानेनं मरतोय, म्हणाली ती. कुणी हसलं, कुणी पदर तोंडाला लावला. आणि कमलबाई सरळ पाण्यात उतरली. लुगडं वर न धरता, तशीच. मध्यावर आली, दिपमालाच्या काखेतली घागर ओढून घेतली, स्वतःच्या हातानं बुडवली, भरली आणि परत दिली.

"सकायले मी येसू. नवलनानाले सांग, पोळ्या जास्ती करी ठेव म्हना."

ओळ त्या दिवशी पुरी झाली नाही. पोरींनी दुसरंच काही गायला घेतलं, रूपाच्या नवऱ्याच्या टकलावर, आणि ते बरंच लांबलं.

दिपमाला धावतच घरी आली. घागर हिंदकळून साडी भिजली. "नाना! बंद पडली! कमलबाई येतेय!" पहाटे ती उठली तेव्हा नाना आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, चुलीजवळ पाटावर बसलेले होते. शनिवार असल्यासारखा रविंद्रही रात्रीच्या गाडीनं मृणालीला घेऊन आला होता, सुट्टी काढून. मृणाली म्हणत होती, "आई, मी नसते असं बाबा म्हणतात, खरं का गं?" आणि दिपमाला तिला पुरण वाटायला बसवत होती.

कमलबाई आली ती खापरावरच्या पुरणपोळ्यांची चळत डोक्यावर घेऊन. नानांच्या घराचा उंबरा निमथडीच्या त्या भाऊबंदकीनं ओलांडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ती आत आली, पदर डोक्यावरून घेतला आणि चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसली.

घागरी दोन मांडल्या होत्या. नदीवरून आणलेल्या पाण्यातून नानांनी दुसरी आपल्या हातानं भरली. थोडं पाणी सांडलं, पण कुणी मदतीला पुढे झालं नाही. मग निखाऱ्यावर तूप सोडलं आणि नावं घ्यायला सुरुवात केली. नाव घेताना नातं सांगायचं असतं, म्हणजे घास ज्याचा त्याला पोचतो. "बाप वना. माय भिकुबाई. आजा हिलाल. आजी केसर." प्रत्येक नावाला घास, प्रत्येक घासाला धूर.

पाचवा घास हातात घेऊन नाना थांबले.

"भिका," ते म्हणाले, आणि पुढे काही सुचेना. "मना काय लागस हाऊ?"

कुणालाच सांगता येईना. आजीचा पहिला नवरा, याला नातं काय? रविंद्रनं दिपमालाकडे बघितलं. इतकी वर्षं जर-तर करत आलेली बाई, पण या नात्याचं नाव तिच्यापाशीही नव्हतं.

नाना निखाऱ्याकडे बघत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "तुरुक थडीवर ऱ्हाता, तं भिकाना घरना चुलीपुढे दुसराच कोनी नातू बसता. तो याले आजा म्हनता. तो काही उना नई जगमा. मंग त्याना वाटनं मीच म्हनस." त्यांनी घास निखाऱ्यावर ठेवला. "आजा भिका."

तूप चरचरलं. कमलबाईनं हात जोडले. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, तरी तिच्यानं राहवलं नाही.

"आनि तुरुक खरंच थडीवर ऱ्हाता, तं नाना, तुम्ही नसतात!"

"नसतो तं नसतो," नाना म्हणाले, आणि बोळक्या तोंडानं हसले. "दिपा, पोळ्या वाढ. आमरस कमलबाईले पहिले. आनि त्यामा पानी नई शे, हे तिले चाखी देखू दे."